वाचनालयात सेन्सरचे दिवे लावले, आता आजोबा लोक पाळीपाळीने पेपर हलवतात. पुढचं ‘स्मार्ट बिल्डिंग’चं काम करावं का?

घोडबंदर_कमिटीताई

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे आमची सोसायटी, दोन टॉवर, २२ मजले, मजल्याला चार फ्लॅट, खाली दोन लेव्हलचं बेसमेंट पार्किंग. यंदा कुणीच उभं राहत नव्हतं म्हणून मी कमिटीवर आले आणि पहिल्याच मीटिंगला समोर ‘स्मार्ट बिल्डिंग’चा प्रस्ताव. ३४ पानांची पीडीएफ. आत लिहिलंय की इमारत रहिवाशांना ओळखेल, त्यांच्या सवयी शिकेल आणि त्याप्रमाणे स्वतःला बदलेल. चेअरमन एकदम खूश, कारण शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये आधीच झालंय म्हणे.

काय काय आहे ते सांगते. पार्किंग आणि जिन्यात सेन्सरचे दिवे, बेसमेंटचे मोठे एक्झॉस्ट पंखे हवेतला कार्बन मोनॉक्साइड बघून चालणार, क्लबहाऊसचा एसी आत किती माणसं आहेत ते बघून कमी-जास्त होणार, टाक्यांची लेव्हल मोबाइलवर, आणि लिफ्टमध्ये कॅमेरा जो चेहरा ओळखून तुमच्या मजल्याचं बटण आपोआप दाबणार. शेवटी ‘बिहेवियर ॲनालिटिक्स’ नावाचं एक पान आहे, ते मी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा डोक्यावरून गेलं.

तर नमुना म्हणून त्यांनी आमच्या वाचनालयात फुकट सेन्सर बसवून दिला. वाचनालय म्हणजे क्लबहाऊसच्या मागची खोली, खिडकी एकच आणि ती पण पोडियमच्या भिंतीकडे उघडते, त्यामुळे भर दुपारी पण दिवा लागतो. संध्याकाळी ५ ते ७ सहा-सात आजोबा असतात, कधी दोन आज्या. कुणी पेपर, कुणी शब्दकोडं, एक जण सरळ झोपतात. दिवा लागला की पाच मिनिटांत बंद. मग कुणीतरी उठायचं, हात हलवायचे, दिवा येतो, परत पाच मिनिटं. आता त्यांनी पाळ्याच लावून घेतल्यात, ज्याची पाळी त्याने मधेमधे पेपर झेंड्यासारखा हलवायचा. परवा मी गेले तर ८१ वर्षांचे एक काका म्हणाले, "अगं, आम्ही हललो नाही तर तुझी बिल्डिंग आम्हाला गेलेलं समजते का?" सगळे हसले, मला काही हसू आलं नाही.

व्हेंडरला फोन केला तर म्हणतो मॅडम सेन्सर ओके आहे, लोकांना सवय होईल. अहो पण सवयी बिल्डिंग शिकणार होती ना?

जाणकारांनी सांगा, हा सेन्सरचा दोष की बसवण्याचा? बाकीच्यातलं कुठलं काम खरंच पैसे वसूल करून देईल? आणि ते चेहऱ्याचं प्रकरण मला उगाचच खटकतंय का, मी फारच जुन्या वळणाची झालेय का, हे पण सांगा.


पॅनलवाला

ताई, आधी आजोबांच्या बाजूने बोलतो, चूक त्यांची अजिबात नाही. मी १४ वर्षं ऐरोली-महापे पट्ट्यात बीएमएसचं काम करतो, म्हणजे बिल्डिंगच्या एसीची हवा फेकणारी आणि पाणी गार करणारी मशिनं, पंप, दिवे जिथून चालतात ती सिस्टीम, आणि ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीय की फोन उचलायच्या आधीच कळतं.

तुमच्याकडे लावलाय तो पीआयआर असणार. तो माणूस बघतच नाही, हलणारी ऊब बघतो. वर तो पांढरा खाचाखाचांचा घुमट असतो ना, ती लेन्स, ती खोलीचे पाकळ्यांसारखे भाग करते, आत दोन छोटे कप्पे असतात, गरम अंग एका पाकळीतून दुसरीत गेलं की दोन कप्प्यांच्या सिग्नलमध्ये फरक पडतो आणि आतला स्विच ओढला जाऊन दिवा लागतो. शब्दकोडं सोडवणारा माणूस तासभर एकाच पाकळीत बसलेला असतो, हलतं फक्त पेन. सेन्सरच्या दृष्टीने खोली रिकामी. त्यात मे महिन्यात भिंती ३४-३५ ला तापल्या की अंगाची ऊब आणि मागच्या भिंतीची ऊब जवळपास सारखीच होते, मग चालणारा माणूस पण त्याला धड दिसत नाही. अजून एक, सेन्सरच्या समोरून आडवं गेलं तर तो पटकन पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत आलात तर उशिरा.

आता दोन गोष्टी स्वतः जाऊन बघा. एक, तो दाराच्या वर लावलाय का? पैजेवर सांगतो तिथेच असेल, कारण वायर तिथे जवळ पडते. दुसरं, स्टुलावर चढून कव्हर काढा (किंवा इलेक्ट्रिशियनला चढवा), आत बहुतेक तीन छोटे नॉब असतील, टाइम, लक्स आणि सेन्सिटिव्हिटी. डेमो देताना दिवा पटकन विझलेला दाखवायचा असतो म्हणून टाइम कमी ठेवतात आणि मग तो तसाच राहतो. कमिशनिंग नावाची गोष्ट असते, म्हणजे माल बसवून झाल्यावर खोलीत खरी माणसं बसवून सेटिंग लावायचं, ते आपल्याकडे कुणी करत नाही कारण तोवर बिल पास झालेलं असतं.

बसलेल्या माणसांसाठी मिलिमीटर वेव्हचा रडार सेन्सर मिळतो, २४ किंवा ६० गिगाहर्ट्झवर चालतो, श्वास घेताना छाती जेवढी हलते तेवढं पण पकडतो. झोपलेले काका त्याला जिवंत दिसतील. पण पीआयआरपेक्षा महाग, आणि वाचनालयाला तो हवाच असं पण नाही. भिंतीवर साधं बटण ठेवा, लावायचा माणसाने, विझवायचा सेन्सरने, तो पण २० मिनिटांनी. बास.

पार्किंगचे दिवे मात्र डोळे मिटून करा, फक्त पूर्ण बंद होणारे घेऊ नका, माणूस नसताना मंद राहणारे घ्या. हिशोब करून दाखवतो. समजा १२० ट्यूब, २० वॉटची एक, २४ तास चालू, दिवसाला ५७.६ युनिट. सेन्सरवाल्या ट्यूब रिकाम्या वेळी २० टक्क्यांवर उतरतात, पार्किंगमध्ये दिवसातला पाचवा भाग वेळ वर्दळ धरली तर दिवसाला २१ च्या आत येतं. महिन्याचे हजाराच्या वर युनिट वाचले, आता कॉमन बिलातला दर लावून बघा. त्या ट्यूबमध्ये बहुतेक मायक्रोवेव्ह सेन्सर असतो, तो पातळ पार्टिशनच्या आरपार बघतो पण गाड्यांचा पत्रा त्याला अडतो, आणि मांजर गेलं तरी लागतो, त्याला इलाज नाही. जिना हा आगीच्या वेळचा रस्ता आहे, तिथे काळोख होईल असं कुठलंही सेटिंग करू देऊ नका, व्हेंडर काहीही म्हणो.

बेसमेंटचे पंखे, हा तर खरा माल आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की वीज निम्मी नाही, साधारण आठव्या हिश्श्यावर येते. वेग ८० टक्के केला तरी वीज जवळपास निम्मी. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर नुसता चालू-बंद करायला नको, व्हीएफडीला, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या डब्याला जोडा म्हणजे पंखा हळू चालेल. सेन्सर नाकाच्या उंचीला लावा, छताला नाही. आणि त्यातला सेल काही वर्षांत मरतो, तो बदलायचं एएमसीत, म्हणजे वर्षाच्या मेंटेनन्सच्या करारात लिहून घ्या, नाहीतर मेलेला सेन्सर हवा छान आहे असंच सांगत राहील.


डबा_नंबर_तीन

आमच्या ऑफिसात हा सेन्सर टॉयलेटमध्ये आहे. दाराच्या वर. आत बसलेल्याला दिसतो, त्याला आतला दिसत नाही. कळलं असेलच. मोबाइलचा टॉर्च लावून बसतो आम्ही. एकदा दोन केबिनमधले दोघं एकमेकांना सांगत होतो की तू बाहेर येऊन हात हलव, मी येऊ शकत नाही 😅


कोपरखैरणे_ते_पुणे

सगळेच हसतायत म्हणून मी दुसऱ्या बाजूने लिहितो. तंत्रज्ञान वाईट नसतं हो. ॲमस्टरडॅमला ‘द एज’ नावाची ऑफिस बिल्डिंग आहे, दहा वर्षं झाली उभी राहून, जवळपास २८,००० सेन्सर आहेत तिच्यात, ॲप तुम्हाला मोकळी जागा शोधून देतं, तुम्हाला कसा उजेड आवडतो आणि किती गार आवडतं ते लक्षात ठेवतं. आपण अजून वाचनालयाच्या बल्बवर अडकलोय.

आणि माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आई कोपरखैरण्याला एकटी राहते, वय ७६, मी पुण्यात. दीड वर्षापूर्वी पॅसेजमध्ये एक मोशन सेन्सर आणि मेनडोअरला एक असे लावले, सकाळी ८ पर्यंत पॅसेजमध्ये हालचाल नाही झाली तर मला मेसेज येतो, मी शेजारच्या वहिनींना फोन करतो. कॅमेरा नाही, मुद्दाम नाही लावला. पहिल्या महिन्यात नऊ वेळा उगाच धावाधाव झाली, एकदा तर ती पहाटेच वाशीला बहिणीकडे गेली होती आणि मला सांगायला विसरली, वहिनी बिचाऱ्या डुप्लिकेट चावी घेऊन घरभर शोधत होत्या. मग मेनडोअरचा सेन्सर त्यात जोडला, बाहेर गेली असेल तर मेसेज येत नाही.

गेल्या श्रावणात एक दिवस मेसेज आला आणि ती खरंच बाथरूमच्या दाराशी घसरून बसली होती. हाड मोडलं नाही, पण उठता येत नव्हतं, पाऊण तास झाला होता. मोबाइल बेडरूममध्ये. सांगा आता मला की सेन्सर म्हणजे थेरं.

आईला पहिल्यांदा आवडलं नव्हतं हे पण सांगतो. म्हणायची तू माझ्यावर पहारा बसवलास. आता उठल्या उठल्या पॅसेजमध्ये जाऊन सेन्सरकडे बघते आणि फोनवर सांगते "लावून आले रे हजेरी". एखाद्या दिवशी माझ्यावर चिडली की मुद्दाम आठला दोन मिनिटं कमी असताना जाते.


नाईटशिफ्ट_ऐरोली

@कोपरखैरणे_ते_पुणे आईंचं वाचून बरं वाटलं, ते पूर्ण पटलं. पण बघा ना, तिथे सेन्सर कुणासाठी आहे ते सरळ आहे, आईसाठी. तिला माहितीये, तिने हो म्हटलंय आणि चिडली की ती त्याला खेळवू पण शकते. ऑफिसात तसं नसतं.

आमच्या मजल्यावर एक दिवस चार्जर खाली पडला म्हणून मी टेबलाखाली वाकले तर वर काड्यापेटीएवढी काळी डबी चिकटवलेली. प्रत्येक टेबलाखाली. कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारल्यावर उत्तर आलं, कुठली जागा किती वापरली जाते ते कळायला आहे, माणसांसाठी नाही. आता रोज त्याच जागेवर मीच बसते, म्हणजे जागा आणि माणूस वेगळे कसे झाले? लंडनला डेली टेलिग्राफ पेपरने २०१६ च्या जानेवारीत अशाच डब्या पत्रकारांच्या टेबलाखाली लावल्या होत्या, एवढा आरडाओरडा झाला की त्याच दिवशी काढून टाकल्या. आमच्याकडे कुणी ओरडलं नाही, अप्रायझल तोंडावर होतं.

आणि एसी. देवा. आमच्या ऑफिसात रात्री दोनला इतकं गार असतं की निम्म्या बायकांच्या ड्रॉवरमध्ये शाल आहे, एकीकडे तर कानटोपी आहे, ऐरोलीत, एप्रिलमध्ये. भिंतीवर थर्मोस्टॅट आहे, आम्ही दोन वर्षं तो वर-खाली करत होतो आणि "हां आता जरा बरं वाटतंय" म्हणत होतो. मग मेंटेनन्सच्या दादांनी सांगितलं, मॅडम त्याच्या मागे वायरच नाहीये.

मी जरा शोधाशोध केली तर कळलं की ऑफिसात किती गार ठेवायचं त्याचं गणित डेन्मार्कच्या फांगर नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडलं, त्यात अंगातून किती उष्णता निघते तो आकडा धरावा लागतो, आणि जगभर जो आकडा धरतात तो ४० वर्षांच्या ७० किलो वजनाच्या पुरुषाचा आहे, हे २०१५ साली दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं. बायकांच्या अंगातून त्यापेक्षा बरीच कमी निघते. म्हणजे बिल्डिंग माणसांशी जुळवून घेते हे खरंच आहे, फक्त तो माणूस आमच्या मजल्यावर बसत नाही.


घोडबंदर_कमिटीताई

@नाईटशिफ्ट_ऐरोली कानटोपी 🙏 मग क्लबहाऊसच्या एसीचं काय करावं? माणसं मोजून चालणार म्हणतात ते कसं मोजतात?


पॅनलवाला

@घोडबंदर_कमिटीताई मोजत नाहीत, वास घेतात म्हणा हवं तर. आपण श्वास सोडतो त्यात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात ४२० भागांच्या आसपास. खोलीत माणसं वाढली की आकडा चढतो, हजाराच्या वर गेला की बाहेरची ताजी हवा वाढवायची आणि माणसं गेली की कमी करायची. मोठ्या हॉलला, जिथे एसीच्या डक्टमधून ताजी हवा येते, तिथे चांगलं काम करतं. पण तुमच्या क्लबहाऊसला स्प्लिट एसी असतील तर त्यात बाहेरची हवा येतच नाही, आतलीच गोल फिरते. मग तो सेन्सर नुसता आकडा दाखवेल आणि करेल काही नाही. कुठले एसी आहेत बघा आधी.

यात एक गंमत आहे, @नाईटशिफ्ट_ऐरोली तुमच्याशीच संबंधित. यातले पुष्कळसे सेन्सर स्वतःचं स्वतः कॅलिब्रेशन करतात, म्हणजे आपला आकडा आपणच जुळवून घेतात. गेल्या सात-आठ दिवसांत जो सगळ्यात कमी आकडा दिसला तो म्हणजे बाहेरची शुद्ध हवा असं धरून चालतात. नॉर्मल ऑफिसला ठीक, रविवारी मजला रिकामा असतो. पण तीन शिफ्टवाला मजला कधीच रिकामा होत नाही, मग सेन्सर ६०० लाच ४०० समजायला लागतो आणि हवा कोंदलेली असताना पण सगळं ठीक दाखवतो. मी एका साईटवर हे पकडलं तेव्हा हातातल्या मीटरवर ११५० आणि स्क्रीनवर ९००, आणि लोक सहा महिने रात्री डोकं दुखतंय म्हणून ओरडत होते. ते फीचर बंद केलं, सेन्सर गच्चीवर नेऊन नीट कॅलिब्रेट केले.

राहिलं ‘सवयी शिकेल’ ते. अमेरिकेत कोलोरॅडोत मायकेल मोझर नावाच्या प्रोफेसरने १९९० च्या दशकात स्वतःच्या घरावरच हा प्रयोग केला होता. पंचाहत्तरच्या आसपास सेन्सर, न्यूरल नेटवर्क, दिवे-हीटर-गरम पाणी सगळं घर स्वतः ठरवणार. बऱ्यापैकी चाललं पण. त्याने लिहून ठेवलंय की कामावर उशीर व्हायला लागला की त्यालाच वाटायचं चला आता निघू या, घर वाट बघत असेल. म्हणजे घर त्याच्या सवयी शिकता शिकता तोच घराच्या सवयीचा झाला. आणि ते एका माणसाचं घर होतं. तुमच्याकडे १७६ फ्लॅट. १७६ घरांची सरासरी काढली तर जो माणूस निघेल तो कुठल्याच फ्लॅटमध्ये राहत नसेल.


बेलापूर_१९८७

मी जरा वेगळं लिहितो, विषयाला धरून आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो, १९८७ पासून. सिडकोसाठी चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ च्या दरम्यान केलेली वसाहत. सात सात घरांच्या मध्ये एक चौक, साधारण ८ मीटर बाय ८ मीटर, आणि मुख्य म्हणजे कुठल्याही दोन घरांची भिंत एकत्र नाही. का, तर शेजाऱ्याला न विचारता तुम्हाला घर वाढवता यावं. आम्ही आलो तेव्हा खाली एक खोली, स्वयंपाकघर, वर पोटमाळ्यासारखं थोडं. मुलगी झाली तेव्हा मागे एक खोली काढली, वडील आले तेव्हा खालचं न्हाणीघर मोठं केलं कारण त्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता, मुलाच्या लग्नात वर मजला चढवला. प्रत्येक वेळी गवंडी तोच होता, शेवटच्या वेळी त्याचा मुलगा. माणसाप्रमाणे बदलणारी बिल्डिंग म्हणतात ती मला हीच वाटते, फक्त बदलायला सेकंद नाही, वर्षं लागतात.

पण सगळं गोड गोड नाही लिहिणार. सगळ्यांनीच वाढवलं. उतरत्या कौलांच्या जागी तीन तीन मजल्यांची आरसीसी घरं आली, आमच्या चौकात आता दुपारी दोननंतर ऊन येत नाही, समोरच्यांच्या बाल्कनीत हात घालून मीठ मागता येईल इतकं अंतर राहिलंय. कोरियांनी वाढायची मुभा दिली, थांबायचं कुठे ते आमच्यावर सोडलं, आम्ही नाही थांबलो.

आणि सेन्सर म्हणाल तर चौकात एक आजी होत्या, दाराशी बसून तांदूळ निवडायच्या. कोण किती वाजता आलं, कुणाचं पोर शाळेत गेलं नाही, कुणाकडे दोन दिवस दिवा नाही, सगळं त्यांना माहीत. माझी बायको एकदा तापाने पडली तेव्हा मी ऑफिसात, त्याच आत गेल्या. पण माझ्या बहिणीचं लग्न जमत होतं तेव्हा कोण बघायला आलं आणि काय म्हणून गेलं ते पण गावभर झालं. तो सेन्सर बंद करायची सोय नव्हती.


नौपाड्यातला_काळा_कोट

ताई, चेहऱ्याचं तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय, वळण जुनं-नवं असा काही प्रश्न नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. मतलब एवढाच की कुणाचा चेहरा साठवायचा तर आधी साध्या भाषेत सांगावं लागेल कशासाठी, हो म्हणून घ्यावं लागेल, आणि उद्या तो नको म्हणाला तर पुसावं लागेल. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा काय बदलणार? आणि ते ‘बिहेवियर ॲनालिटिक्स’चं पान, सोसायटीत १८ च्या आतली पोरं असतीलच ना? मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला हा कायदा मुळातच आडकाठी करतो. व्हेंडरला लेखी विचारा हा डेटा कुठे ठेवणार, किती दिवस, कुणाला देणार, आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर काय. बहुतेक फोन येणं बंद होईल.

माझा खरा मुद्दा कायद्याचा नाहीये. असली सिस्टीम आली की रहिवासी म्हणतात आमचं नको, मग चेहरा आधी कुणाचा नोंदवतात? घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, दूधवाला, कचरा नेणारे. त्यांना हो-नाही विचारतंच कोण. आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीत ॲपवर मावशींची येण्या-जाण्याची वेळ सगळ्यांना दिसते, आणि ग्रुपवर एक बाई रोज लिहितात, "अमुक आज नऊ बाराला आली". त्याच बाईंच्या पाहुण्यांची गाडी गेस्ट पार्किंगमध्ये रात्री किती वाजेपर्यंत असते हे कुणी ग्रुपवर टाकलं तर चालेल का त्यांना?


पॅनलवाला

वकीलसाहेबांना दुजोरा. शिवाय लिफ्टचा ॲक्सेस कंट्रोल हा फायर अलार्मला जोडलेला पाहिजे, अलार्म वाजला की सगळी अडवणूक सुटली पाहिजे. ते केलंय का हे विचारायला विसरू नका, आणि केलंय म्हणाले तर समोर अलार्म वाजवून दाखवायला सांगा. कागदावर सगळीकडे केलेलंच असतं.


घोडबंदर_कमिटीताई

अपडेट द्यायला उशीर झाला, जीबी, म्हणजे सगळ्या सभासदांची जनरल बॉडी मीटिंग होती रविवारी, चार तास चालली, त्यातला एक तास पार्किंगच्या स्टिकरवर गेला.

आधी वाचनालय. @पॅनलवाला तुम्ही पैज जिंकलात. सेन्सर दाराच्या वर होता आणि जिमकडे जाणाऱ्या पॅसेजकडे तोंड करून होता, म्हणजे जिमला जाणाऱ्या पोरांना बघून वाचनालयात दिवा लागायचा आणि आतले बसलेले आजोबा पुस्तकांच्या कपाटाआड, त्यांना तो बघतच नव्हता. आमच्या इलेक्ट्रिशियनने कव्हर काढलं, टाइमचा नॉब डावीकडे अगदी टोकाला. तो म्हणाला मॅडम हा तर पॅकिंगमधून आला तसाच आहे. आता सेन्सर टेबलाच्या वर छताला हलवलाय, वेळ २० मिनिटं केलीय आणि दाराजवळ बटण परत लावलंय. खर्च ६५० रुपये, त्यात केसिंगपट्टी आली.

जीबीत पार्किंगचे मंद होणारे दिवे, बेसमेंटच्या पंख्यांना व्हीएफडी आणि टाक्यांच्या लेव्हल पास झाल्या. लेव्हलचं तर कुणी चर्चाच केली नाही, टँकर मागवायचा की नाही यावरून दर उन्हाळ्यात जी भांडणं होतात ती सगळ्यांना माहितीयेत. क्लबहाऊसचे एसी स्प्लिटच निघाले, तो विषय तिथेच संपला. मी फक्त सांगितलं की २४ च्या खाली कुणी नेऊ नका, त्यावर दोघं उठून गेले.

लिफ्टच्या कॅमेऱ्यावर मतदान झालं आणि पडला तो. व्हेंडरला वकीलसाहेबांचे चार प्रश्न मेल केले होते, उत्तर आलं की आमचं सर्टिफिकेशन आहे, कशाचं ते नाही लिहिलं. पण मत फिरलं ते त्याने नाही. मी आमच्या मावशींना आदल्या दिवशी विचारलं होतं, मावशी लिफ्टमध्ये तुमचा फोटो ठेवला तर चालेल का, येण्या-जाण्याची वेळ आपोआप लिहिली जाईल. त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "लिहा की ताई. सर्विस लिफ्ट बंद असते आणि मी १४ मजले चढून येते, ती वेळ पण लिहील ना ते?" हे मी जीबीत जसंच्या तसं सांगितलं. चेअरमन अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि सर्विस लिफ्टच्या दुरुस्तीचं कोटेशन मागवलंय.

काल संध्याकाळी वाचनालयात डोकावले. दिवा चालू, सगळे आपापल्या जागी, आणि ८१ वाले काका पेपर हलवतायत. म्हटलं काका, आता नाही हो हलवावा लागत, सेन्सर नीट केलाय. म्हणाले, "माहितीये गं. डास आहेत."